निर्लेप प्रश्न आणि सल्लार्थीचे रूपक : मराठीच्या अंगाने एक परीक्षण

मनोव्यथा सांगणारा माणूस ती सरळ शब्दांत क्वचितच सांगतो. 'छातीवर दगड ठेवल्यासारखे होते', 'डोक्यात भुंगा शिरला आहे', 'पायाखालचे सरकते आहे' अशा प्रतिमांचा आधार घेऊन तो बोलतो. ऐकणारा, मग तो डॉक्टर असो, शिक्षक असो वा घरातील वडीलधारा, बहुधा त्या प्रतिमेपाशी थांबत नाही. आपल्याजवळची दुसरी एखादी प्रतिमा तो त्याच्या हाती देतो. 'दगड कसला, मनावर थोडे मळभ आले आहे, जाईल.' सांगणाऱ्याचा दगड होता, ऐकणाऱ्याने त्याचा ढग केला. दगड कोणी तरी उचलावा लागतो; ढग आपोआप सरतो. सांत्वनाच्या भरात झालेल्या या एका शब्दबदलाने दुःखाचे स्वरूप बदलले, त्यावरील उपायाची दिशाही बदलली, आणि सांगणाऱ्याला ते कळलेही नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले मानसोपचारक डेव्हिड ग्रोव्ह (१९५०–२००८) यांनी १९८० नंतरच्या दशकात जी प्रश्नपद्धती बसविली, तिचा उगम याच निरीक्षणात आहे.

ग्रोव्ह यांचे काम प्रामुख्याने जुन्या आघातांच्या स्मृतींनी ग्रासलेल्या माणसांमध्ये झाले. बॅसिल पँझर यांच्यासह त्यांनी १९८९ मध्ये 'रिझॉल्व्हिंग ट्रॉमॅटिक मेमरीज' हा ग्रंथ लिहिला. रूपके आणि प्रतीके हाच त्याचा विषय. कार्ल रॉजर्स, व्हर्जिनिया सॅटिर, मिल्टन एरिक्सन या नामवंत उपचारकांच्या संभाषणांचे उतारे त्यांनी तपासले आणि सल्लार्थीचे शब्द परत उच्चारताना हे उपचारकही नकळत त्यांत फेरफार करतात असे त्यांना आढळले, असे त्यांच्या अनुयायांनी नोंदविले आहे. त्यावर ग्रोव्ह यांनी योजलेला उपाय अगदी साधा आहे. उपचारकाने मोजके प्रश्न ठरवून घ्यावेत आणि प्रत्येक प्रश्नातील रिकाम्या जागी सल्लार्थीचाच शब्द, त्याच्याच उच्चाराने, घालावा. 'त्या दगडाविषयी आणखी काही?', 'तो कोणत्या प्रकारचा दगड?', 'तो दगड कुठे आहे?', 'ते कशासारखे आहे?', 'मग काय होते?', 'त्याच्या आधी काय होते?', 'तो कुठून येतो?' आणि 'काय व्हावेसे वाटते?' असे हे प्रश्न. मूलभूत प्रश्नांची संख्या डझनाच्या पुढे जात नाही. जेम्स लॉली आणि पेनी टॉम्पकिन्स यांनी ग्रोव्ह यांच्या कामाचा बारकाईने अभ्यास करून २००० मध्ये 'मेटाफर्स इन माइंड' हा ग्रंथ सिद्ध केला, आणि पुढे ही पद्धती उपचारकक्षाबाहेर पडून व्यवस्थापकांच्या मार्गदर्शनात व संशोधनाच्या मुलाखतींत शिरली. या मार्गदर्शनाला इंग्रजीत 'कोचिंग' म्हणतात. नागपुरात तो शब्द उच्चारला की प्रवेशपरीक्षांचे वर्ग डोळ्यांपुढे येतात, तेव्हा येथे तो न वापरलेलाच बरा.

पद्धतीच्या इंग्रजी नावातील 'क्लीन' या विशेषणाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. 'स्वच्छ भाषा' म्हटले तर शिवीगाळ नसलेली भाषा असा बोध होतो. 'शुद्ध भाषा' म्हटले की व्याकरणाच्या मास्तरांची छडी आठवते. ज्या पद्धतीत माणसाची अशुद्ध, ओबडधोबड उक्तीच जपायची आहे, तिला हे नाव विपरीतच ठरेल. परक्याचा हात न लागलेले या अर्थाने 'सोवळे' हा शब्द आशयाच्या फार जवळ येतो; पण त्या शब्दामागे विटाळाचा जो इतिहास उभा आहे, तो पाहता तो वापरणे अशक्यच. 'निर्लेप' हा त्यातल्या त्यात बरा: ज्याला काही चिकटत नाही आणि जो दुसऱ्यालाही आपला लेप लावीत नाही, असा प्रश्न. घरोघरच्या तव्यामुळे या शब्दाची तत्त्वज्ञानातील प्रतिष्ठा थोडी उणावली असली, तरी अर्थ अधिक स्पष्टच झाला आहे.

मूळ प्रश्न मात्र असा, की कोणताही प्रश्न खरोखर निर्लेप असू शकतो काय? प्रायोगिक मानसशास्त्राचे उत्तर फारसे आशादायक नाही. जोएल ग्रीनस्पून यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना सुचतील ते शब्द उच्चारीत राहण्यास सांगितले होते. अनेकवचनी नाम आले की प्रयोगकर्ता केवळ होकारार्थी हुंकार देई. तेवढ्या हुंकाराने अनेकवचनांचे प्रमाण वाढले. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग तर सर्वश्रुत आहे. मोटारींच्या अपघाताचे चित्रपट दाखवून वेगाचा अंदाज विचारताना प्रश्नातील एकच क्रियापद बदलले गेले. मोटारी एकमेकींवर 'आदळून चुराडा झाल्या तेव्हा' असे विचारले असता सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून थोडा अधिक आला. 'स्पर्शल्या तेव्हा' असे विचारले असता तो ३१.८ वर उतरला. स्वतः रॉजर्स यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. सल्लार्थीला दिशा दाखवायची नाही हेच ज्यांच्या पद्धतीचे ब्रीद होते, त्यांच्याच एका दीर्घ उपचारातील मुद्रित संभाषणांची चार्ल्स ट्रुआक्स यांनी १९६६ मध्ये छाननी केली. रॉजर्स यांची आस्था आणि ऊब सर्व विधानांवर सारखी पडत नव्हती. विशिष्ट प्रकारच्या बोलण्यावर ती अधिक पडे, आणि त्यातील बरेचसे बोलणे पुढे वाढत गेले, असे त्यांना दिसले.

या कसोटीवर ग्रोव्ह यांचे प्रश्नही पूर्णपणे उतरत नाहीत. 'ते कुठे आहे?' या प्रश्नात भावनेला जागा असते हे गृहीतच आहे. 'ते कशासारखे आहे?' हा प्रश्न तर उघडउघड उपमा मागतो. ज्याला उपमा सुचलेली नव्हती त्याला ती सुचविण्यास भाग पाडतो. म्हणून असे म्हणणे अधिक न्याय्य होईल की हे प्रश्न आशयाच्या बाबतीत संयमी आहेत, आकाराच्या बाबतीत नाहीत. काय बोलावे हे ते सांगत नाहीत. कोणत्या दिशेने पाहावे हे सांगतात. पद्धतीचे पुष्कळसे पुरस्कर्ते हा भेद मान्य करतात, परंतु प्रशिक्षणवर्गांच्या जाहिरातींत तो आढळत नाही. परिणामांच्या पुराव्याविषयीही हेच म्हणावे लागते. या पद्धतीवरील लेखन बहुतांशी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या अनुभवकथनाचे आहे. संशोधनपद्धती म्हणून तिची बाजू अधिक भक्कम दिसते: पॉल टोझी, जेम्स लॉली आणि रुपर्ट मीझ यांनी २०१४ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ मॅनेजमेंट'मध्ये व्यवस्थापकांच्या मुलाखतींच्या आधारे दाखविले, की मुलाखतकाराने आपली रूपके आवरली तर उत्तरदात्याची रूपके मिळविता येतात. एरवी संशोधक स्वतःच पेरलेले उगवलेले पाहून हर्षित होतो.

आता मराठीकडे. या प्रश्नांची भाषांतरे करून ती वापरावयाची, एवढेच काम उरले आहे असा समज सहज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. कारण प्रश्नाचा निर्लेपपणा हा शब्दांचा गुण नसून व्याकरणाचा आहे, आणि व्याकरण भाषांतरित होत नाही. लॉफ्टस यांचाच १९७५ चा आणखी एक प्रयोग घ्यावा. गुइडो झान्नी यांच्यासह केलेल्या त्या प्रयोगात इंग्रजीतील निश्चित आणि अनिश्चित उपपदांचा खेळ होता: 'फुटलेला दिवा पाहिलात काय?' हाच प्रश्न निश्चित उपपद घालून विचारला की, नसलेला दिवा पाहिल्याचे सांगणारे वाढले. मराठीत उपपदेच नाहीत. म्हणजे सूचनेची ती वाट येथे बंद आहे. पण तिच्या जागी दुसऱ्या चार उघड्या आहेत. 'भीती वाटते ना?', 'भीती वाटतेच का?', 'भीती तर वाटत असेल', 'भीती वाटते की काय?' या प्रत्येकात एक लहानसे अव्यय उत्तर आधीच पुढे करून बसले आहे. मराठी बोलणारा, विशेषतः आस्थेने बोलणारा, 'ना' लावल्यावाचून प्रश्न विचारतच नाही. इंग्रजीवरून तयार झालेल्या कोणत्याही नियमावलीत या 'ना'चा निषेध सापडणार नाही, कारण ती लिहिणाऱ्यांना तो कधी भेटलाच नाही.

'का' या शब्दाची गोष्ट अशीच. ग्रोव्ह यांच्या पद्धतीत कारण विचारणारा प्रश्न वर्ज्य आहे, कारण तो माणसाला अनुभवातून बाहेर काढून सफाई देण्यास लावतो. मराठीत हा 'का' वाक्याच्या मध्यावर असला की कारण मागतो, आणि शेवटी असला की केवळ होय-नाही विचारतो. 'का जात नाही?' आणि 'जात नाही का?' यांत अंतर मोठे आहे. परंतु दुःखी माणसाच्या कानाला दुसऱ्यातही पहिल्याचा जाब ऐकू येतो. नागपूरकडचा 'काहून' हा या दृष्टीने अधिक प्रामाणिक: तो कारणच विचारतो, हे लपवीत नाही.

इतके झाले तरी मराठीची एक बाजू अशी आहे, की जी या पद्धतीला इंग्रजीहूनही अनुकूल ठरावी. मराठीत भावना करणारा माणूस बहुधा कर्ता नसतो. 'मला भीती वाटते', 'राग येतो', 'झोप लागत नाही', 'आठवण येते', 'कंटाळा आला' या वाक्यांत येणारी, लागणारी, वाटणारी ती भावना. माणूस चतुर्थीत बाजूला उभा आहे, त्याच्याकडे ती येते. इंग्रजीत 'राग कुठून येतो?' असे विचारणे ही एक विचित्र, ठरवून केलेली रचना वाटते आणि ग्रोव्ह यांना तिच्यासाठी एक संथ, काहीसा मंत्रासारखा स्वर योजावा लागला. मराठीत राग येतोच. तो कुठून येतो हे विचारणे स्वयंपाकघरातही शोभेल. शिवाय येथे सर्वनामच गाळता येते. 'काय व्हावेसे वाटते?' या प्रश्नात 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, 'आपण' नाही. ज्या समाजात एका सर्वनामाने वय, जात, शिक्षण आणि पगार यांचे अंतर मोजले जाते, तेथे सर्वनामावाचून विचारता येणारा प्रश्न ही लहान गोष्ट नव्हे. दुर्दैव असे की समुपदेशनाच्या भाषांतरित पुस्तिका हीच देणगी प्रथम फेकून देतात. 'तुम्ही कसे फील करता?', 'तुम्ही काय अनुभवता?' अशा प्रश्नांत माणसाला ओढून कर्त्याच्या खुर्चीवर बसविले जाते, जणू भीती हे त्याचेच काही कर्तृत्व आहे.

अर्थात ही अनुकूलता दुधारी आहे. 'राग कुठून येतो?' हा प्रश्न इतका घरगुती आहे की त्याचे उत्तरही घरगुती येण्याचा संभव फार. 'कुठून म्हणजे, सुनेच्या वागण्यातून.' उगमस्थान विचारले, कारण मिळाले. इंग्रजीत प्रश्नाचा विचित्रपणाच ऐकणाऱ्याला क्षणभर थबकवितो; मराठीत तो थबकत नाही. येथे लिंगाचा उपयोग होण्यासारखा आहे. इंग्रजीतील वस्तुवाचक सर्वनाम सर्वांना एकच. मराठीत गोळा तो, गाठ ती, ओझे ते. गाठीविषयी 'तिला काय व्हावेसे वाटते?' असे विचारले तर ते इंग्रजीइतके कृत्रिम वाटत नाही, कारण व्याकरणाने ती आधीच अर्धी सजीव केली आहे. मात्र सल्लार्थीने नाम उच्चारले नसेल तोवर उपचारकाने 'ते' या नपुंसकलिंगाच्या आश्रयालाच राहिले पाहिजे. 'आत काही तरी आहे' असे तो म्हणाला आणि उपचारकाने 'ती कुठे आहे?' असे विचारले, तर त्याने गाठ सुचविलीच.

विदर्भातील बोलीत या सर्वाला आणखी एक पदर आहे. प्रमाणभाषेत भीती 'वाटते'. वऱ्हाड-नागपूरकडे ती 'लागते'. 'मले भेव लागते.' वाटणे हे क्रियापद मतासाठीही वापरले जाते. 'पाऊस येईल असे वाटते' यातले वाटणे सौम्य आहे, त्यात चूक होऊ शकते. लागणे तसे नाही. तहान लागते, ठेच लागते, आग लागते, झपाटलेल्याला भूतही लागते. 'भेव लागते' म्हणणाऱ्या शेतकऱ्याला शहरात शिकलेल्या समुपदेशकाने 'कधीपासून भीती वाटते?' असे विचारले, तर त्याने भाषा सुधारली असे त्याला वाटेल. प्रत्यक्षात त्याने अंगाला येऊन चिकटलेली वस्तू काढून तिच्या जागी एक मत ठेवले. 'ते कशासारखे आहे?' याचे वऱ्हाडी रूप 'ते कायच्यावानी हाय?' हे आहे, आणि ते तसेच विचारता येत नसेल तर निदान सल्लार्थीचे क्रियापद तरी बदलू नये. निर्लेपपणाचा पहिला पाठ विदर्भात रूपकापाशी नव्हे, प्रमाणभाषेपाशी सुरू होतो.

याहून अवघड प्रश्न सल्लार्थीच्या 'स्वतःच्या' रूपकाचा आहे. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये दाखविले की रूपक हा काव्याचा अलंकार नसून नित्याच्या विचाराचा सांगाडा आहे. ते मान्य केले तर रूपक मुळात कोणाचे, व्यक्तीचे की भाषेचे? मराठीत मनाची वेदना सांगणारे वाक्प्रचार विपुल आहेत आणि ते बहुतेक शरीराचे आहेत. पोटात गोळा येतो, काळजाचे पाणी होते, जीव टांगणीला लागतो, हातपाय गळतात, डोके भणभणते, तोंडचे पाणी पळते. समजा, एखादी बाई म्हणाली, 'पोटात गोळा येतो.' हे तिचे रूपक काय? हा वाक्प्रचार तिने घडविलेला नाही. तो तिला आईकडून, शेजारणीकडून, मालिकेतून मिळाला आहे. त्यावर 'तो कोणत्या प्रकारचा गोळा?' असे विचारले तर एक उत्तर असे संभवते: 'कोणत्या प्रकारचा म्हणजे? म्हणायची पद्धत आहे.' येथे प्रश्नकर्त्याने हट्ट धरला तर तो निर्लेप राहिला नाही; वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यावर त्याने राजाचा चेहरा शोधावयास लावले. परंतु दुसरेही उत्तर संभवते. ती क्षणभर थांबेल आणि म्हणेल, 'कणकेचा. पाणी कमी पडलेल्या.' आता वाक्प्रचार जागा झाला. कणीक आहे, ती कोरडी आहे, ती मळणारे कोणी तरी आहे, पाणी कोणी तरी घालावयाचे होते. यातील एकही गोष्ट प्रश्नकर्त्याने आणलेली नाही. भाषेनेही ती दिलेली नव्हती. रूपक व्यक्तीचे होते ते या ठिकाणी.

ग्रोव्ह यांच्या पद्धतीचे खरे सामर्थ्य येथे दिसते, आणि तिच्यावरील लेखनात ते पुरेसे स्पष्ट झालेले नाही. सल्लार्थीच्या मनात तयार असलेले रूपक शोधून काढणे, अशी तिची मांडणी सामान्यतः केली जाते. मराठीतील उदाहरणे पाहिली की असे दिसते, की रूपक आधी तयार नसतेच. सार्वजनिक वाक्प्रचार व्यक्तीच्या अनुभवाशी पुन्हा जोडला जाण्याच्या क्षणी ते घडते. प्रश्नाने केवळ तेवढा अवकाश मोकळा ठेवावयाचा असतो. हे साहित्याच्या अभ्यासकाला परके वाटू नये; झिजलेला शब्द कवितेत जागा होतो तो याच रीतीने.

'टेन्शन' हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. इंग्रजीत त्याच्या मुळाशी ताणण्याची प्रतिमा आहे; मराठीत येताना ती गळून पडली, आणि शब्द अगदी कोरा झाला. मग मराठीने त्याला आपली क्रियापदे लावली: टेन्शन येते, टेन्शन घेतात, टेन्शन देतात. जे येते, घेता येते आणि दुसऱ्याला देता येते, ते ताणलेल्या दोरीपेक्षा उसनवारीच्या अधिक जवळचे आहे. एखाद्या समुपदेशकाने 'ताण' हा शुद्ध मराठी प्रतिशब्द योजला, तर ताण 'घेऊ नको' असे म्हणता येईल, पण तो 'दिला' असे सहसा कोणी म्हणणार नाही. म्हणजे कोणी दिले हा प्रश्नच अडतो. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत राबविलेल्या 'विश्राम' या उपक्रमाच्या इंग्रजी नावात आजाराचा उल्लेख नव्हता, 'स्ट्रेस' होता. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी उपचार शोधणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे यश गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांचे आहे आणि ते निर्लेप प्रश्नांनी मिळालेले नाही. उलट 'विश्राम' हे नाव स्वतःच विचारणाऱ्याने पुढे केलेले रूपक आहे: दुःख म्हणजे थकवा, उपाय म्हणजे विसावा. दिलेल्या रूपकानेही माणसे दारापर्यंत येतात, ही गोष्ट ग्रोव्हपंथीयांनी नजरेआड करू नये.

कारण मराठीची उपदेशपरंपरा मुळात रूपक देणाऱ्यांचीच आहे, आणि तिचे एक मोठे पीठ विदर्भात आहे. चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांचा केशिराजबासांनी केलेला 'दृष्टान्तपाठ' म्हणजे ११४ दृष्टांतांचा संग्रह. आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीसारखे दृष्टांत ऐकणाऱ्याच्या नित्याच्या जगातले आहेत. पण ते निवडले गुरूने. ऐकणाऱ्याने काय पाहावे हे त्यांत ठरलेले आहे. असे असूनही या ग्रंथाची रचना आजच्या उपचारकाला काही शिकवू शकेल. प्रत्येक ठिकाणी सूत्र वेगळे, दृष्टांत वेगळा आणि त्याचा अर्थ उलगडणारे दार्ष्टांतिक वेगळे. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केशिराजबासांचे. प्रतिमा कोणाची आणि अर्थ कोणाचा, यांत संकलकाने घोटाळा होऊ दिला नाही. उपचारकक्षातील टिपणांत ही तीन घरे वेगळी ठेवली जातात असे म्हणवत नाही. सल्लार्थीचे वाक्य आणि त्यावरील उपचारकाचे दार्ष्टांतिक एकाच ओळीत मिसळलेले असते.

म्हाइंभटांची शिस्त याहूनही कडक. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात ऋद्धिपूरच्या परिसरात 'लीळाचरित्र' सिद्ध करताना त्यांनी स्वामींच्या सहवासातील माणसांना गाठून ज्याची लीळा त्याच्याकडून मिळविली, आणि नागदेवाचार्यांकडून ती पडताळून घेतली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये संपादिलेली प्रत चाळली तरी दिसते, की पाठभेद आणि वेगवेगळ्यांच्या आठवणी या परंपरेने पुसून एकजीव केलेल्या नाहीत. कोण काय सांगतो हे राखले आहे. नागदेवाचार्यांची भाषाविषयक भूमिकाही याच सुराची होती. संस्कृतात प्रश्न करणाऱ्या पंडितांना त्यांनी मराठीत विचारण्यास बजावले आणि शास्त्र संस्कृतात गेले तर आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील, असे सांगितल्याचे 'स्मृतिस्थळा'त नमूद आहे. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या भाषेत उतरावे, हा आग्रह ग्रोव्ह यांच्या सातशे वर्षे आधी या भूमीत झालेला आहे. त्यावरून निर्लेप प्रश्नाचा शोध महानुभावांनी लावला असे म्हणणे मात्र हास्यास्पद होईल. ज्याचे शब्द जसेच्या तसे जपावयाचे ते तेथे गुरू होते. ग्रोव्ह यांनी तोच मान समोर बसलेल्या गांजलेल्या माणसाला दिला, एवढे त्यांचे वेगळेपण निर्विवाद आहे.

गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) कीर्तन हे तर प्रश्नांचेच कीर्तन होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेला हा माणूस वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारी, आणि श्रोते त्यांची उत्तरे देत. सावकाराचे कर्ज, सणाचा खर्च, कोंबड्या-बकऱ्यांचा नवस, मुलाची शाळा: प्रश्नातील प्रत्येक वस्तू श्रोत्याच्या घरची. परंतु प्रश्न निर्लेप मुळीच नव्हते. उत्तर प्रश्नातच बसलेले असे आणि श्रोत्याच्या तोंडून ते बाहेर पडले की तो स्वतःच्याच शब्दात सापडे. शब्द ऐकणाऱ्याचे आणि दिशा विचारणाऱ्याची, असा हा प्रकार. त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण त्याचा हेतू उघड होता. खराटा हातात घेऊन आलेल्या माणसाकडून तटस्थतेची अपेक्षा कोणी करीत नाही. आक्षेपार्ह ठरतो तो निर्लेपपणाचे नाव सांगून हेच करणारा. 'त्या दगडाला काय व्हावेसे वाटते?' असे मृदू स्वरात विचारणारा व्यवस्थापन-मार्गदर्शक कंपनीच्या पैशाने आलेला असतो, आणि कर्मचाऱ्याच्या दगडाने राजीनामा द्यावेसे वाटते असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न कोणता विचारला जातो, यावर त्या पद्धतीची परीक्षा होईल.

विदर्भात ही परीक्षा याहून कठोर आहे. येथे 'डोक्यावर ओझे आहे' असे म्हणणाऱ्याच्या डोक्यावर अनेकदा खरोखरच काही असते, आणि ते सातबाऱ्यावर नोंदलेले असते. 'कर्जात बुडालो' हे रूपक आहे. कर्ज हे रूपक नाही. ज्याला 'ते पाणी कोणत्या प्रकारचे?' असे विचारावयाचे, त्याला 'किती? कोणाचे? कधीपर्यंत?' हेही विचारले पाहिजे, आणि त्याची उत्तरे रुपयांत आणि तारखांत घेतली पाहिजेत. प्रतिमेचा पाठलाग करताना व्याजाचा दर विचारावयाचा राहिला, तर तो निर्लेपपणा नसून सोयीचे दुर्लक्ष आहे.

दुसरी मर्यादा मरणाच्या प्रतिमांची. 'आता सुटका हवी', 'दिवा विझावासा वाटतो', 'निघून जावेसे वाटते' अशी वाक्ये ऐकल्यावर 'आणि दिवा विझला की मग काय होते?' असा प्रश्न विचारणे पद्धतीला धरून आहे आणि माणसाला धरून नाही. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात स्पष्ट केलेले आहे. तेव्हा या ठिकाणी रूपक बाजूला ठेवून, विचारणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत आणि 'जीव द्यावासा वाटतो का?' इतक्या उघडपणे विचारले पाहिजे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर बोलणाऱ्याला तर समोरच्याचा हात छातीवर आहे की गळ्याशी, हेही दिसत नाही. ग्रोव्ह ज्यावर इतका भर देत ती नजरेची आणि हाताची खूण तेथे उपलब्धच नसते. तेथे पहिला प्रश्न 'ते कुठे आहे?' हा नसून 'तुम्ही कुठे आहात, आणि आत्ता जवळ कोण आहे?' हा असतो.